ब्रह्मा कोंबडी पाळायची म्हणताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्माचा फोटो बघितला की माणूस पाघळतोच, पायात पिसांचा पायजमा, डोक्यावर इवलासा तुरा आणि चाल अशी की अंगण आपल्याच नावावर आहे. मग लगेच प्रश्न सुरू होतात, अंडी किती, वजन किती, पिल्लू कितीला. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. परसात चार-पाच कोंबड्या हौसेनं पाळणाऱ्यांसाठी आहे हे, हजार पक्ष्यांचा शेड टाकणाऱ्यांनी वाचलं तरी चालेल पण त्यांचा हिरमोड होईल.

ब्रह्मा नक्की कुठली? नाव तर आपलंच वाटतं.

नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलंय, पण जात तयार झाली अमेरिकेत. १८४० च्या दशकात चीनमधून, मुख्यतः शांघाय बंदरातून, पायाला पिसं असलेल्या मोठाल्या कोंबड्या अमेरिकेत उतरल्या, त्यांच्यापासून तिथल्या लोकांनी ही जात वाढवली. त्यात चितगावकडच्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, उंच करड्या कोंबडीचं रक्त मिसळलं असं मानतात आणि ब्रह्माचा बसका तुरा अन् पुढे आलेली भुवई तिकडूनच आली असं सांगतात. सुरुवातीला कुणी हिला शांघाय म्हणायचं, कुणी चितगाव, कुणी ब्रह्मापुत्रा, मग छाटून छाटून ब्रह्मा राहिलं.

त्या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडात कोंबड्यांचं अक्षरशः वेड पसरलं होतं. १८५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जॉर्ज बर्नहॅम नावाच्या माणसानं नऊ ब्रह्मा थेट व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून पाठवल्या, आता राणीकडे कोंबडी गेली म्हटल्यावर भाव कुठल्या कुठे जाणार हे त्याला बरोबर माहीत होतं. पठ्ठ्या मार्केटिंगमध्ये आजच्या इन्फ्लुएन्सरांच्या पुढे होता. पुढे १८७४ च्या पहिल्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये, म्हणजे कोंबड्यांच्या जातींचे निकष ठरवणाऱ्या पुस्तकात, लाइट आणि डार्क हे दोन रंग घेतले आणि बफ (फिकट सोनेरी) १९२४ मध्ये.

ही जगातली सगळ्यात मोठी कोंबडी ना?

सगळ्यात मोठ्यांपैकी एक म्हणा. अमेरिकन स्टँडर्डनुसार लाइट ब्रह्माचा पूर्ण वाढलेला कोंबडा १२ पौंड म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास आणि कोंबडी साडेनऊ पौंड म्हणजे सव्वाचार किलोच्या पुढे, डार्क आणि बफ त्याहून अर्धा-अर्धा किलो कमी. जर्सी जायंट नावाची जात वजनात हिच्यापुढे आहे, तिचा कोंबडा १३ पौंडाचा. २०१७ मध्ये कोसोवोमधल्या एका ब्रह्मा कोंबड्याचा खुराड्यातून बाहेर येतानाचा व्हिडिओ जगभर फिरला होता, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल, तो बघून लोक कंबरेएवढा कोंबडा मागायला येतात. तो खरा ब्रह्माच होता पण कॅमेरा खाली धरलेला आणि पिसं फुललेली, त्यामुळे डोळ्याला दिसतं तेवढं ते मांस नसतं. आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे ब्रह्मा स्टँडर्डच्या वजनापर्यंत पोचतच नाहीत, साडेतीन-चार किलोचा कोंबडा झाला तरी लोक खूश असतात.

अंडी किती देते?

चांगली सांभाळली तर वर्षाला १२० ते १५०. महिन्याला दहा-बारा धरा, कधी जास्त कधी शून्य. लेअर कोंबडी, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळतात ती, वर्षाला ३०० च्या वर देते त्यामुळे तुलनाच करू नका. आणि एवढ्या धिप्पाड कोंबडीचं अंडं मात्र ५५-६० ग्रॅमचंच, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं दुसऱ्या कुणाचं तरी उचलून आणलं. पहिलं अंडं यायला सात महिने लागतात, कधी आठ-नऊ पण, तोपर्यंत घरातले लोक विचारून विचारून जीव खातात.

एक चांगली गोष्ट अशी की थंडीत बाकीच्या कोंबड्या सुस्तावतात तेव्हा ब्रह्मा अंडी देत राहते. अमेरिकेत हिची किंमत होती ती याच्यामुळेच, तिकडे बर्फ पडतो तेव्हा अंडी मिळणं मोठी गोष्ट होती. आपल्याकडे उलटं होतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त चालते आणि एप्रिल-मे मध्ये हात वर करते.

ब्राऊन अंडं म्हणजे जास्त ताकद का?

नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो, आतल्या मालाशी संबंध नाही. बलक पिवळाधमक हवा असेल तर हिरवा चारा खाऊ घाला.

म्हणजे ही दुहेरी उपयोगाची आहे का नुसतीच शोभेची?

कागदावर दुहेरी, म्हणजे अंडी पण आणि मटण पण. १८५० च्या दशकापासून ते साधारण १९३० पर्यंत अमेरिकेत ब्रह्मा ही खाण्याच्या मुख्य जातींपैकी एक होती, नंतर भराभर वाढणाऱ्या जाती आल्या आणि हिचं काम संपलं, मग ही शोमध्ये आणि हौशी लोकांच्या अंगणात राहिली. आज कुणी मला विचारलं तर मी स्पष्ट सांगतो, ब्रह्मा बघायला पाळा, स्वभावासाठी पाळा, अंडी मिळतील तो बोनस समजा.

मटणाचं म्हणाल तर ही आधी सांगाडा वाढवते आणि मग अंग भरते. पाच महिन्यांचा कोंबडा लांबून दांडगा दिसतो, हातात घेतला की छातीचं हाड लागतं. खाण्यासारखा व्हायला आठ-नऊ महिने द्यावेच लागतात. चव चांगली, मांस घट्ट, गावठीच्या जवळपास जाणारं, कुकरला नेहमीपेक्षा तीन-चार शिट्ट्या जास्त काढायच्या आणि सुकं करण्यापेक्षा रस्सा करायचा. बाजारातलं ब्रॉयलर ४०-४२ दिवसांत दोन किलोच्या पुढे जातं हे लक्षात ठेवून मग हिशोब करा.

आणि हो, पिल्लं काढली की अर्धे कोंबडे निघणार हे आधीच ठरवून ठेवा. दहा पिल्लांत पाच कोंबडे म्हणजे सहा महिन्यांनी अंगणात पाच आडदांड गडी आणि भांडणं. ते विकायचे, द्यायचे का खायचे हे घरात आधी बोलून घ्या, कारण पोरांनी एकदा त्यांची नावं ठेवली की ते रश्शात जात नाहीत हा सगळ्यांचा अनुभव आहे.

खर्च किती येतो, परवडतं का?

रुपयात सांगत नाही, खाद्याचे भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. किलोत सांगतो. पूर्ण वाढलेली ब्रह्मा दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाते, कोंबडा त्याहून जास्त. म्हणजे महिन्याला साडेचार किलो. त्यात अंडी मिळाली बारा, म्हणजे एका अंड्यामागे पावणेचारशे ग्रॅम खाद्य. लेअर कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाऊन महिन्याला पंचवीस अंडी देते, तिला एका अंड्यामागे १४० ग्रॅमच्या आसपास पडतं. तुमच्या गावच्या दरानं गुणून बघा, ब्रह्माचं अंडं दुकानातल्यापेक्षा महागच पडणार. पिल्लं विकून पैसे काढतात काही जण, पण त्यासाठी चांगली पेरेंट जोडी पाहिजे आणि गिऱ्हाईक पाहिजे, आणि दोन वर्षांनी हौस दुसऱ्या जातीवर गेली की तेच पक्षी कुणी विचारत नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ ला जातो, जमेल का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि विकणारा याचं उत्तर नेहमी हो असंच देतो. ब्रह्मा थंड हवेसाठी घडवलेली कोंबडी आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती अंगातली उष्णता तुऱ्यातून, गळ्याखालच्या लाल लोंबत्या कातडीतून, पायांतून आणि चोच उघडून धापा टाकत बाहेर काढते. आता ब्रह्माकडे बघा, तुरा इवलासा, गळ्याखालची कातडी लहान, पाय पिसांनी झाकलेले, अंग जाड आणि वर पिसांची रजई. बर्फात तुरा गोठू नये म्हणून जे फायद्याचं तेच जळगाव-अकोल्याच्या मे महिन्यात जिवावर उठतं.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, महाबळेश्वरकडच्या लोकांना फार अडचण नाही. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथे पाळणारे आहेत, नाही असं नाही, पण तिथे मार्च ते जूनचा बंदोबस्त आधी आणि कोंबडी नंतर. पत्र्याचं छप्पर असेल तर त्यावर पाचट, नारळाच्या झावळ्या किंवा गवत टाका आणि दुपारी पाणी मारा. बाजूला ओलं गोणपाट लावा पण हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर दमट कोंदट होऊन आणखी वाईट. खायला सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्या, दुपारी खाद्य काढून घ्या, कारण पचवताना पण अंगात उष्णता तयार होते. पाणी माठातलं, दिवसातून दोन-तीनदा बदलून, सावलीत. इलेक्ट्रोलाइट पावडर मिळते ती उन्हाच्या लाटेत पाण्यातून द्या. आंब्याखाली किंवा चिंचेखाली जागा असेल तर यातलं अर्धं काम झाडच करतं.

चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, तुरा फिक्का किंवा निळसर, डोळे मिटत चालले, असं दिसलं की थांबू नका, सावलीत आणून पाय आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्यात भिजवा, बर्फाचं पाणी नको, चोचीजवळ पाणी धरा पण घशात ओतू नका. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे अंड्याचं कवच पातळ पडतं, म्हणून उन्हाळ्यात पापुद्र्यासारखी अंडी आली तर लगेच कॅल्शियमचा डबा आणायला धावू नका, आधी सावली बघा.

आणि कोकणातला पाऊस?

उष्णतेचं तिथे जरा बरं, पण चिखल. पायाची पिसं चिखलात भरतात, वाळून त्याचे गोळे होतात, गोळ्याखाली कातडी नाजूक होऊन जखमा होतात आणि मग त्यावर माश्या बसतात. ओल्या पायानं घरट्यात बसली की अंडी पण बरबटतात. उपाय एवढाच की पावसात हिला मातीत सोडायचं नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचा किंवा कोब्याचा ओटा, वर पत्रा, खाली भाताचं तूस चार बोटं जाड. तूस रोज हलवायचं, ओलं झालं की बदलायचं. गोळे झालेच तर ओढून तोडू नका, कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवा, मऊ झाले की बोटानं सुटतात. ओढलंत तर कोवळं पीस मुळापासून येतं आणि भळाभळा रक्त येतं.

पायाचे खवले वर आलेत, पांढरट खपली दिसते, हे काय?

माइट. खवल्यांच्या खाली राहणारे सूक्ष्म किडे असतात. पिसांमुळे ब्रह्माच्या पायावर ते लवकर दिसून येत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा कोंबडी उलटी धरून पिसं बाजूला करून टॉर्चनं बघा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय मऊ करून जुन्या टूथब्रशनं हलकं घासा, कोरडं करून व्हॅसलीन किंवा खोबरेल दाबून चोळा, किडे गुदमरतात. आठवड्यातून दोनदा, महिनाभर तरी. जास्त असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आयव्हरमेक्टिन, डोस मनानं ठरवू नका, आणि औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत ते पण तिथेच विचारा. एकीला झालं की सगळ्यांना बघायचं, खुराड्यातली बसायची दांडी पण घासून घ्यायची.

खुराडं केवढं पाहिजे?

गावठीला लागतं त्याच्या दीडपट धरा. आत एका पक्ष्याला पाच-सहा चौरस फूट, बाहेर फिरायला दहा-पंधरा तरी. दांडी जमिनीपासून फूट-दीड फूटच, उंच नको, कारण ही चढते कशीबशी पण उतरताना दगडासारखी खाली आदळते आणि तळपायाला गाठ होते, मग त्यात पू होतो. दांडी गोल बारीक काठी नको, चार बोटं रुंद चपटी फळी द्या. दार पण मोठं ठेवा. उडण्याचं टेन्शन नाही, तीन फुटाचं कुंपण पुरतं. पण ते हिला आत ठेवायला पुरतं, मुंगूस आणि भटक्या कुत्र्यांना बाहेर ठेवायला नाही, त्यामुळे रात्रीचं खुराडं जाळीनं पक्कं, आणि जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, ती षटकोनी कोंबडी जाळी कुत्रं दातानं फाडतं. जाळी जमिनीत फूटभर गाडा, मुंगूस उकरून येतं. लहान पिल्लांना घार आणि मांजर, त्यांच्यावर डालगं झाकायचं, आजीच्या काळापासून चालत आलंय ते अजून चालतं.

खायला काय देऊ? घरचं उरलेलं चालेल?

पहिले आठ आठवडे चिक स्टार्टर (पिल्लांचं खाद्य), २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीनचं. मग ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं), अंड्यावर आली की लेअर मॅश आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा, जिला पाहिजे ती खाते. लेअर खाद्य लवकर चालू करू नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडावर येतं. मका, बाजरी, तांदळाच्या कण्या संध्याकाळी मूठभर. नुसत्या मक्यावर ठेवली तर ब्रह्मा फार पटकन चरबी धरते आणि चरबी चढलेली कोंबडी अंडी देत नाही, दिसायला मात्र झकास दिसते, त्यामुळे मालकाला कळतच नाही.

घरचा भात, पोळीचे तुकडे, भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, सगळं चालतं, पण जेवणाची जागा घेईल एवढं नको. खारट, तळलेलं, लोणचं-पापड नको. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात नको, पावसाळ्यात गोणीच्या तळाला बुरशी धरते आणि त्यातल्या विषानं लिव्हर जातं. मी तरी पावसाळ्यात खाद्याची गोणी उघडली की आधी हात तळापर्यंत घालून वास घेतो, कुबट आला की अख्खी गोणी परत.

ओरिजिनल ब्रह्मा कशी ओळखायची? फसवतात म्हणे.

फसवतात. पायाला चार पिसं असलेलं कुठलंही पिल्लू ब्रह्मा म्हणून खपवतात.

तुरा बघा, एकच उंच करवतीसारखा असेल तर ब्रह्मा नाही. हिचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन बारीक ओळींचा असतो, मधली ओळ जरा उंच. पण नुसत्या तुऱ्यावर जाऊ नका, कारण हा गुण प्रबळ आहे, ब्रह्माचा कोंबडा गावठीवर सोडला तरी पिल्लांना बसका तुराच येतो आणि पायाला थोडीफार पिसं पण येतात, आणि नेमका हाच क्रॉस सगळ्यात जास्त विकला जातो. म्हणून पुढचं बघा. भुवईचं हाड पुढे आलेलं, त्यामुळे चेहरा जरा रागीट दिसतो, स्वभाव उलटा असला तरी. पाय पिवळे, जाड, आणि पिसं पायाच्या बाहेरच्या बाजूनं खाली येऊन बाहेरच्या बोटावर आणि मधल्या बोटावरही असली पाहिजेत. क्रॉसमध्ये मधलं बोट बहुतेक उघडं असतं. बोटं चार. पाच बोटं, काळी कातडी आणि पिसं कापसासारखी असतील तर ती सिल्की नावाची दुसरी जात.

कोचीन या पायाला पिसं असलेल्या दुसऱ्या जातीशी पण गल्लत होते. कोचीन बुटकी, गोल गरगरीत, तुरा एकेरी. ब्रह्मा उंच, मान ताठ.

सगळ्यात सोपं म्हणजे आईबाप बघायला मागा. फोटो नको, समोर. पंधरा दिवसांच्या पिल्लात ओळखणारा मी अजून बघितला नाही, दावा करणारे खूप बघितले. आईबाप दाखवायला टाळाटाळ केली की निघा तिथून.

लॅव्हेंडर, ब्लू, चॉकलेट असे रंग विकतात, ते खरे का?

जुने मान्य रंग म्हणजे लाइट, डार्क आणि बफ. लाइट म्हणजे पांढरं अंग आणि मानेला काळ्या रेघा, शेपूट काळी, आपल्याकडे हीच सगळ्यात जास्त दिसते. इंग्लंडात सोनेरी, पांढरे असे आणखी काही मान्य आहेत. बाकी नवे रंग लोकांनी दुसऱ्या जाती मिसळून आणलेत, खोटे म्हणता येणार नाहीत पण त्यात अंगानं बारीक आणि पायाला विरळ पिसं असे पक्षी जास्त निघतात. दुप्पट पैसे रंगाला देताय का कोंबडीला ते बघा. माझं मत विचाराल तर डार्कच्या मादीसारखं दुसरं काही नाही, प्रत्येक करड्या पिसावर एकात एक बारीक रेघा, हातात घेऊन उन्हात बघावं असं पीस.

कोंबडा का कोंबडी, कधी कळतं?

डार्कमध्ये लवकर कळतं, सहा-आठ आठवड्यांत नराच्या छातीवर काळं यायला लागतं आणि मादीला रेघा दिसतात. लाइटमध्ये वाट बघावी लागते. तीन महिन्यांच्या आसपास ज्याचा तुरा लाल आणि पाय जाड तो बहुतेक नर, चार-पाच महिन्यांत पाठीच्या शेवटी टोकदार चमकदार पिसं आली की नक्की. उशिरा आरवतात हे. म्हणून न आरवणारी ती मादी असं समजून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

अंडी कुरियरनं मागवून उबवली तर?

जमतं पण अपेक्षा कमी ठेवा. प्रवासात धक्के बसून अंड्यातली हवेची पोकळी सुटते. आली की निमुळतं टोक खाली करून बारा ते चोवीस तास तशीच ठेवा आणि मगच मशीनमध्ये. फॅनवालं मशीन असेल तर ३७.५ डिग्री, २१ दिवस, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर काढून टाका.

मशीन नसेल तर गावठी खुडूक कोंबडी. ब्रह्मा स्वतः पण खुडूक होते आणि चिकाटीनं बसते, पण वजनाखाली अंडी फुटतात आणि निघालेल्या पिल्लावर पाय पडला तर तिला पत्ताच नसतो. गावठीखाली टोपलीत पेंढा घालून ब्रह्माची आठ-दहा अंडी बसतात. पुढे दोन महिन्यांत पिल्लं आईच्या बरोबरीची होतात आणि तरी तिच्या पंखाखाली घुसायला बघतात, तो तमाशा बघण्यासारखा असतो.

तुमच्याच जोडीची अंडी रिकामी निघत असतील तर कोंबड्याला दोष देण्याआधी दोघांच्या मागच्या भागाची दाट पिसं कात्रीनं कमी करा, या जातीत तेवढ्यानं फरक पडतो. एका कोंबड्यामागे सहा-आठ माद्या बस. दोनच माद्या ठेवल्या तर त्यांच्या पाठी सोलून निघतात, गडी जड आहे.

पिल्लं आणली, पुढे काय?

पहिला आठवडा ३५ डिग्री, मग दर आठवड्याला तीन डिग्री कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून खातायत तर बरोबर. खाली गुळगुळीत पेपर टाकू नका, जड पिल्लांचे पाय फाकतात. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका म्हणजे बुडणार नाहीत.

लस लागते का? चारच तर कोंबड्या आहेत.

लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, चार आणि चारशे बघत नाही. साधारण क्रम असा (मरेक्स, गंबोरो हे रोग; लासोटा आणि आर-टू-बी या राणीखेतच्या लसी): मरेक्स पहिल्याच दिवशी हॅचरीत, पाच-सात दिवसांचं असताना लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो, चौथ्या आठवड्यात लासोटा परत, सहा-आठ आठवड्यांत देवीची आणि राणीखेतची आर-टू-बी. तुमच्या भागात काय चालू आहे त्यावर डॉक्टर बदल सांगतील, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा. अडचण अशी की वायल मोठ्या असतात, शंभर-शंभर डोसाच्या किंवा त्याहून मोठ्या, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदम द्यायची. बर्फाच्या डब्यातून आणायची, खिशातून आणलेली लस म्हणजे पाणी.

एकदम दोन-तीन मेल्या तर?

कापून खाऊ नका, कुणाला देऊ नका, नदीत-ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबारच्या नवापूरमध्ये सापडला होता, त्यामुळे हे लांबचं काही नाही. बाजारातून नवीन पक्षी आणला की तीन-चार आठवडे वेगळा, आणि त्याचं काम शेवटी करायचं, आधी जुन्यांचं.

गावठी किंवा असीलबरोबर ठेवता येईल का?

गावठीबरोबर हो, जागा मोठी असेल तर. ब्रह्मा भांडत नाही, मार खाते. खाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा नाहीतर चपळ गावठी सगळं उरकून जाते आणि ही मागून डुलत येते. असील झुंजीची जात, तिच्याबरोबर नाही म्हणजे नाही.

घरात लहान मुलं आहेत, चावते का?

फार शांत जात आहे, मांडीवर बसते. कोंबडे पण बहुतेक गरीब असतात पण सगळेच नाही, आणि पाच किलोचा कोंबडा अंगावर आला तर तीन वर्षांचं पोर पडतं, तेव्हा लक्ष ठेवा. हात धुवायची सवय लावा. आरवण्याचा आवाज मात्र खालच्या पट्टीतला आणि भरदार, शेजारी कुरकुरत असतील तर कोंबडा ठेवूच नका, अंड्यांसाठी तो लागत नाही.

सुरुवात कितीनं करू?

तीन किंवा चार. एकटी ठेवू नका.

ऑक्टोबरमध्ये पिसं गळायला लागली, अंडी पण बंद, आजार आहे का?

बहुतेक पिसं बदलतेय. वर्षातून एकदा होतं, दोन-तीन महिने चालतं, आधी मान मग पाठ मग शेपूट अशा क्रमानं. खातेय-पितेय, विष्ठा नीट आहे तर काळजी नको. पीस म्हणजे प्रोटीनच असतं त्यामुळे या दिवसांत प्रोटीन वाढवा, सुकट किंवा सुका जवळा चुरून देतात आपल्याकडे, चांगलं चालतं पण बिनमिठाचा घ्या, खारवलेला नको. नवीन पिसांच्या नळ्या निघत असतात तेव्हा उचलू नका, दुखतं तिला. क्रमानं न गळता एकाच जागी टक्कल पडत असेल, विशेषतः शेपटीच्या बुडाशी किंवा गुदद्वाराजवळ, तर रात्री टॉर्च घेऊन उवा बघा, पिसाच्या बुडाला पांढरे दाणे चिकटलेले दिसतात. राख आणि कोरडी माती एका घमेल्यात ठेवून द्या, ती स्वतःच त्यात लोळून घेते, आणि आठवड्याभरात कमी झालं नाही तर मात्र डॉक्टरांकडून पावडर आणा आणि दहा दिवसांनी परत एकदा मारा, कारण पहिल्या वेळेला उवांची अंडी मरत नाहीत.